नाशिकची नोंद कोण ठेवणार?

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे जी तयारी चालू आहे, तिच्यात रस्ते आहेत, पूल आहेत, घाटांचे विस्तारीकरण आहे, मलनिस्सारणाची कामे आहेत आणि साधुग्राम आहे. या सर्वांच्या पाठोपाठ चित्रीकरणही येणार, हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक खाते आपापल्या कामाची चित्रफीत करून घेईल. तिच्यासाठी निविदा निघेल, निविदेत लांबी मिनिटांत नमूद असेल, संहिता अगोदर मंजूर करून घ्यावी लागेल, आणि शेवटी ड्रोनमधून दिसणारा रामकुंड, भरदार आवाजातले निवेदन आणि सतारीचा एखादा तुकडा यांतून सरकारी भाषेत जिला ‘यशोगाथा’ म्हणतात ती तयार होईल. माझे म्हणणे असे आहे की या खर्चातला एक लहानसा, पण स्पष्टपणे बाजूला काढलेला वाटा अशा माहितीपटांसाठी राखून ठेवावा, ज्यांची संहिता कोणी मंजूर करणार नाही, ज्यांच्या चित्रीकरणाला किमान एक पूर्ण वर्ष मिळेल आणि जे सर्वांत आधी नाशिक जिल्ह्यातच दाखवले जातील. ही मागणी मूठभर कलावंतांच्या सोयीची आहे असे कोणाला वाटेल. मला ती सार्वजनिक नोंदीची, म्हणून रस्त्याच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या मागणीइतकीच नागरी मागणी वाटते.

‘माहितीपट’ या शब्दानेच आपला थोडा घात केला आहे. जुन्या मराठी लेखनात ‘अनुबोधपट’ असा शब्द आढळतो. तोही उपदेशाकडे झुकणारा आहे, पण निदान त्यात पाहणाऱ्याला काही उमजावे अशी अपेक्षा आहे. ‘माहितीपट’ म्हटले की प्रेक्षक माहिती मागतो, अधिकारी आकडे पुरवतो आणि निवेदक ते वाचून दाखवतो. आमच्या पिढीने हा प्रकार चित्रपटगृहात सक्तीने पाहिला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तचित्र किंवा माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, आणि ती दहा-पंधरा मिनिटे बाहेर शेंगदाणे घेण्यासाठी असतात अशी आम्हां मुलांची प्रामाणिक समजूत होती. धरण, कालवा, सुधारित बियाणे, लसीकरण, आणि सगळ्यावर एकाच घडणीचा आवाज. त्या आवाजाने माहितीपटाबद्दल जी कंटाळवाणी प्रतिमा निर्माण केली, ती आजही पुसली गेलेली नाही.

मात्र त्याच संस्थेच्या पैशातून १९६७ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांनी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. राजस्थानातली गावे, छत्री, कंदील, जोडा, जनावरे, भिंतींवरचे ऊन यांच्या प्रतिमा त्यात एकामागून एक येतात आणि त्यांचा अर्थ सांगायला कोणताही निवेदक येत नाही. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचे ‘सुवर्ण अस्वल’ हे पारितोषिक मिळाले. पुढे १९७२ मध्ये सत्यजित राय यांनी याच संस्थेसाठी, दृष्टी गेल्यानंतरही काम करत राहिलेले आपले गुरू बिनोद बिहारी मुखर्जी यांच्यावर ‘द इनर आय’ केला. आणीबाणीत सरकारची भलामण करणारे चित्रपटही याच इमारतीतून बाहेर पडले. सरकारचा पैसा आला की कलेचे वाटोळे होते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा सगळा इतिहास एकत्र पाहावा. पैसा तोच होता, दालनेही तीच होती. हाताखालच्या माणसाला मोकळे सोडायचे की नाही, या निर्णयात फरक होता.

नाशिककरांना याचा आणखी जुना दाखला घराजवळच सापडतो. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकला वारले, हे आपण भाषणात सांगतो आणि ‘राजा हरिश्चंद्र’पाशी, म्हणजे १९१३ पाशी थांबतो. त्याआधी त्यांनी केलेले काम मला आजच्या प्रश्नासाठी अधिक मोलाचे वाटते. भांडवलदाराचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर एका जागी ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्या रोपाची वाढ चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर पाहून पुढच्या चित्रपटासाठी कर्ज मिळाले. ज्याला आपण भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणतो, त्याच्या पायाशी राजा नाही, देव नाही, एक रोप आणि त्याच्याकडे पाहत राहण्याचा धीर आहे. पुढे फाळक्यांनी तळेगावचा काच कारखाना चित्रित केला, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा चित्रपट केला आणि नाशिकच्या सिंहस्थ पर्वणीचेही चित्रण केले. पौराणिक चित्रपटांचा हा जनक रोजच्या कामाकडे आणि गावच्या गर्दीकडे कॅमेरा वळवत होता. त्यांचे स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी आहे. त्यांची ही दुसरी सवय मात्र गावाने उचलली नाही.

आता या धीराची गरज कोठे आहे, ते पाहू. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची बाई विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरत असल्याचे दृश्य वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर येते. दृश्य खरे असते. आपल्याला वाईट वाटते, टँकरची घोषणा होते, आणि पावसाळा लागला की विषय संपतो. वस्तुतः विषय तेथे सुरू व्हायला हवा, कारण याच पाड्यांवर जुलैत पाऊस असा कोसळतो की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही, भाताची आवणी गुडघाभर चिखलात चालते आणि ओहोळ ओलांडता येत नाहीत म्हणून मुले शाळेत जात नाहीत. एवढे पाणी जाते कोठे? उतार तीव्र, माती पातळ, तिच्याखाली पाणी फारसे न धरणारा काळा कातळ. शिवाय पार, नार, दमणगंगा या नद्यांचे पाणी पश्चिमेकडे उतरून गुजरातेत जाते. दिवाळीनंतर ओहोळ आटतात, नागली-वरई निघते, आणि माणसे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. तेथे फळांसाठीच्या गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत त्यांचे हात लागतात, आणि ठिबकच्या नळ्यांतून येणारे पाणी ती माणसे रोज पाहतात. ती परततात तेव्हा विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो.

मे महिन्यातल्या एका छायाचित्रात यांतले काहीही मावत नाही. छायाचित्र दैन्य दाखवते, त्यामागची कारणसाखळी दाखवत नाही. आणि कारण दिसले नाही की टँकर हाच उपाय वाटू लागतो. एखाद्या कुटुंबाबरोबर ज्येष्ठापासून ज्येष्ठापर्यंत राहिलेला माहितीपट हीच गोष्ट एकही आकडा न वाचता सांगू शकेल. पर्यावरणावरचे चांगले माहितीपट असेच असतात. शौनक सेन यांच्या २०२२ च्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये दिल्लीच्या हवेवर व्याख्यान नाही. आकाशातून पडणाऱ्या जखमी घारींवर उपचार करणारे दोन भाऊ आहेत, त्यांचे तळघर आहे, खोके आहेत, वीज जाते, भावाभावांत खटके उडतात. आणि हे सगळे पाहता पाहता त्या शहराची हवा प्रेक्षकाच्या घशाशी येते. सनडान्स आणि कान या दोन्ही चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला, त्याचे श्रेय या संयमाला आहे.

गोदावरीबाबतही असेच आहे. जुन्या नाशकात तिला ‘गंगा’च म्हणतात, आपण ‘गंगेवर’ जातो, ‘गंगेला’ पूर येतो. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे आता मोबाइलवर कळते, तरी लोक घाटाकडे धावतात ते पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले हे पाहण्यासाठी. पूर मोजण्याची ही पद्धत पाहण्यावर उभी आहे आणि पिढ्यांपिढ्या बिनचूक चालत आली आहे. पण पूर ओसरल्यानंतरच्या दहा महिन्यांची अशी कोणतीही खूण आपल्याकडे नाही. कुंडांच्या तळाशी घातलेल्या काँक्रीटचा वाद, नाल्यांमधून येणारे सांडपाणी, उन्हाळ्यात पात्रभर पसरणाऱ्या पाणवेली आणि त्या काढण्याचे दरवर्षीचे कंत्राट, बुधवारच्या बाजारात पात्रालगत बसणारे विक्रेते, कपडे धुणाऱ्या बाया, दशक्रिया विधीसाठी आलेली बाहेरगावची माणसे: या सगळ्यांचा नदीशी असलेला संबंध एकत्र ठेवून पाहणारे एकही दप्तर महापालिकेत असण्याचा संभव नाही, कारण त्यांची खाती वेगळी आहेत. कॅमेऱ्याला खाती नसतात. तो रामकुंडापासून निघून पाण्याबरोबर खाली नांदूर मध्यमेश्वरपर्यंत जाऊ शकतो, जेथे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ जागा तयार झाली आणि जिला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. शहराने टाकलेले आणि दूरदेशीच्या पक्ष्यांनी स्वीकारलेले पाणी एकच आहे, हा विचार मांडण्यासाठी निबंध लिहावा लागतो. दाखवण्यासाठी नदीकाठाने चालावे लागते.

सिंहस्थाची आणखी एक आठवण आहे, आणि ती यशोगाथेत बसत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये पर्वणीच्या दिवशी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतर गर्दीचे नियोजन पुष्कळ सुधारले, हे मान्य केले पाहिजे. तरी त्या दिवशी उतारावरच्या गल्लीत राहणाऱ्यांनी काय पाहिले, दारे कोणी उघडली, पाणी कोणी दिले, हे सांगू शकणारी माणसे आता म्हातारी होत चालली आहेत. चौकशीच्या अहवालात निष्कर्ष येतात. दार उघडणाऱ्याचा आवाज, त्याचे अडखळणे येत नाही. गर्दीचे व्यवस्थापन शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्या काही दाखवायचे असेल, तर ड्रोनच्या दृश्यापेक्षा या आवाजाचा उपयोग अधिक होईल.

हस्तव्यवसायांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचे चित्रण पुष्कळ होते. अडचण एवढीच की ते विक्रीच्या नजरेने होते. येवल्याच्या पैठणीवरच्या चित्रफितीत पदरावरचे मोर दिसतात, माग दिसतो, विणकराचा चेहरा तीन सेकंद दिसतो. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करणाऱ्या कारागिराचा हात दिसतो, पण दिवसभर त्या ठोक्यांत बसल्यावर त्याच्या कानांचे काय होते, हे कोणी विचारत नाही. अपवाद म्हणून रहाडींचा विषय मात्र मला खुणावतो. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर जुन्या नाशकातल्या रस्त्याखाली बुजवलेले असतात आणि रंगपंचमीला उकरून, फुलांच्या उकळलेल्या रंगाने भरून त्यांत उड्या घेतल्या जातात. उड्यांचे चित्रण हजारो मोबाइल करतात. उकरणाऱ्यांचे, रंग उकळणाऱ्यांचे, आणि दुसऱ्या दिवशी माती लोटून वर पुन्हा वाहतूक सुरू करणाऱ्यांचे चित्रण पाहायला मिळत नाही.

येथे पहिला आक्षेप येतो: प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना वेगळी नोंद कशाला? आक्षेप पोकळ नाही. पुराच्या किंवा झाडतोडीच्या प्रसंगी सामान्य नागरिकांनी केलेल्या चित्रणामुळेच अनेकदा प्रशासन हलते. परंतु साठवण आणि नोंद यांत फरक आहे. तीस सेकंदांची हजार चित्रणे एकमेकांशेजारी ठेवली तरी त्यांतून पेठच्या पाण्याचे कारण निघत नाही, कारण कोणीतरी बसून, निवडून, जोडून, ‘हे आधी आणि ते नंतर’ असे ठरवल्याशिवाय अर्थ उभा राहत नाही. आणि त्या निवडीची जबाबदारी नाव लावून घेणारा माणूस लागतो. शिवाय मोबाइल बदलला की त्यातले चित्रण जाते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पाड्यांवरच्या तरुणांकडूनच ऐकू येतो. शहरातली माणसे येतात, आमची गरिबी टिपतात, बक्षिसे घेतात आणि आम्हाला तो चित्रपट दिसतही नाही. हे बहुतांशी खरे आहे. भारतीय माहितीपटाने गेल्या काही वर्षांत जगभर नाव कमावले, २०२३ मध्ये ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला ऑस्करही मिळाले, पण चित्रपट ज्यांच्याविषयी असतो, त्यांच्यापर्यंत तो पोहोचण्याची वाट आपण बांधलेली नाही. सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये मुंबईतले दोन कोळी मित्र आपल्या बोलीत भांडतात, एक किनाऱ्याजवळची पारंपरिक मासेमारी सोडत नाही, दुसरा खोल समुद्राच्या आणि कर्जाच्या मागे जातो. सनडान्समध्ये त्याला २०२३ मध्ये खास पुरस्कार मिळाला. हा चित्रपट आपल्या भाषेचा आहे, आणि तरी नाशिक-धुळ्याच्या किती वाचकांनी त्याचे नाव ऐकले असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मालेगावचे उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातलेच. सप्टेंबर २००६ आणि सप्टेंबर २००८ च्या बॉम्बस्फोटांनी त्या शहराची देशभर एकच ओळख झाली होती. त्याच २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ पूर्ण केला. त्यात नासिर शेख आणि त्यांचे सोबती सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून आपला सुपरमॅन बनवत आहेत, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक तो सुपरमॅन झाला आहे, आणि आठवडाभर मागांच्या खडखडाटात राबलेले शहर शुक्रवारी पडद्यासमोर हसायला बसते. त्या दीड तासापेक्षा कमी लांबीच्या चित्रपटाने मालेगावच्या माणसांबद्दल जे सांगितले, ते त्या काळातल्या कोणत्याही बातमीपत्राने सांगितले नव्हते. चित्रपटगृहात तो लागायला २०१२ उजाडले; आणि बहुतेकांना ही गोष्ट कळली ती २०२५ मध्ये तिच्यावर हिंदी कथापट निघाला तेव्हा. माझ्या ओळखीतल्या नाशिकच्या पदवीधरांनी मालेगाव पाहिले ते बहुधा एसटीच्या खिडकीतून. हा माहितीपट जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात एकदा दाखवला असता, तर दोन शहरांमधले शंभर किलोमीटर थोडे कमी झाले असते.

‘लोक येणार नाहीत’ हा तिसरा आक्षेप मला फारसा मान्य नाही. केरळ राज्य चलच्चित्र अकादमी २००८ पासून तिरुवनंतपुरमला माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव भरवते. तेथला प्रेक्षक आभाळातून पडलेला नाही, चित्रपट मंडळांनी, म्हणजे फिल्म सोसायट्यांनी, तो वर्षानुवर्षे घडवला. आपल्याकडे १८४० पासून चाललेले सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे, महापालिकेचे कालिदास कलामंदिर आहे आणि व्याख्यानमालांना जाण्याची सवय असलेला वर्गही आहे. महिन्याचा एक दिवस ठरवून, तिकीट नाममात्र ठेवून, चित्रपटानंतर तासभर चर्चा ठेवली तर पहिल्या वर्षी तीस माणसे येतील. तेवढी पुरेत.

राहता राहिला सरकारी हस्तक्षेपाचा प्रश्न, आणि तेथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली, विदेशी चित्रपटांना ती नव्हती. विरोधानंतर ती मागे घेतली गेली, पण अनेक चित्रपट निवडीतच वगळले गेले, तेव्हा चित्रपटकारांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. म्हणून मोकळीक तोंडी आश्वासनावर सोडता येणार नाही. निवड करणाऱ्या समितीत बहुसंख्य माणसे सरकारबाहेरची असावीत, आणि निवडीनंतर चित्रपटाच्या आशयावर कोणत्याही खात्याला मत नोंदवता येईल पण बदल सुचवता येणार नाही, हे करारात लिहिलेले असावे. प्रती कोठे राहतील, हेही आत्ताच ठरवावे. फिल्म्स डिव्हिजनच्या सुमारे आठ हजार चित्रपटांचा संग्रह २०२२ च्या विलीनीकरणात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेला, तेव्हा त्याच्या भवितव्याबद्दल चित्रपटकारांना जाहीर चिंता व्यक्त करावी लागली होती. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर महापालिकेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कची काय असेल? एक प्रत वाचनालयात, एक विद्यापीठात आणि एक राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, एवढे तरी व्हावे. यासाठी लागणारा खर्च एखाद्या घाटाच्या विद्युत रोषणाईइतकाही नसेल, असा माझा अंदाज आहे.

आणि पहिला खेळ कोठे व्हावा, याबद्दल माझा आग्रह आहे. पाड्यावरचा चित्रपट आधी पाड्यावर, शाळेच्या भिंतीला धोतराचा किंवा चादरीचा पडदा बांधून दाखवावा. घाटावरचा बुधवारच्या बाजारातल्या विक्रेत्यांना. रहाडीचा त्या त्या गल्लीत. त्यानंतर कलामंदिरात, पुढच्या रांगेत संबंधित खात्यांचे अधिकारी बसवून. पाड्यावरची कोणी बाई उठून ‘हे असे नव्हते, विहीर आमची पलीकडे आहे आणि तिकडे तुम्ही आलाच नाहीत’ असे म्हणाली, तर तिचे ते बोलणे चित्रित करून चित्रपटाच्या शेवटी जोडले जाईल, असे एक कलम करारात असावे. दिग्दर्शकाला ते आवडणार नाही. पण अनुदानाच्या पहिल्या हप्त्याआधी त्यावर त्याची सही घ्यावी.